एलिस वेगळा, एपिक्टेटस वेगळा, प्लीज

'माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनेबद्दलची मतं त्रास देतात.' महिन्यातून दोनदा तरी हे कुठल्यातरी फॅमिली ग्रुपवर येतं, मागे सूर्योदय आणि खाली 'मानसशास्त्र सांगतं'. मानसशास्त्र नाही हो, एपिक्टेटस सांगतो. स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ, आधी रोममधला गुलाम, पुढे सुटला, मग डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली, ही इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली गोष्ट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास आपली थेरपी सुरू केली तेव्हा हेच वाक्य पायाला घेतलं आणि कोणाकडून घेतलं ते उघड सांगितलंही. त्यामुळे लोकांचा घोळ होतो हे मला कळतं. पण तो इतकी वर्षं चालू राहावा का?

एलिस तुम्हाला माहितीये. कि. मो. फडक्यांनी त्याची थेरपी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, मराठीत इतका रुजवलाय की ए-बी-सी परत काय समजवायची, घटना, समजूत, परिणाम, झालं. आणि आपल्या मराठीत तर सगळी भानगड एका 'च' मध्ये मावते: 'बढती मिळावी' म्हणालात तर जेवण जातं, 'मिळालीच पाहिजे' म्हणालात की रात्री दोनला पंखा बघत पडता.

बाकीचे फरक किरकोळ. एकाची फी असते, दुसऱ्याची नाही. एक सायन्स आणि दुसऱ्या नुसत्या गप्पा असं म्हणणाऱ्यांनी स्टोइक लोक रोज स्वतःकडून काय काय घोटून घ्यायचे ते एकदा बघावं, ते होमवर्कच होतं.

खरी गोची एकाच ठिकाणी आहे, दुःखापाशी.

मामा गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी एक वाचन-बिचन असलेले गृहस्थ भेटायला आले आणि मामीला म्हणाले, "वहिनी, दुःख घटनेत नसतं, आपल्या विचारात असतं." मामी त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, विचार नाही गेला, माणूस गेलाय." गृहस्थांना वाटत होतं आपण सायकॉलॉजी सांगतोय. एलिसच्या थेरपीत मामीच्या रडण्याला कोणी हातसुद्धा लावला नसता. त्याच्या हिशोबात निगेटिव्ह भावना दोन जातीच्या, निरोगी आणि रोगट. दुःख निरोगी, नैराश्य रोगट, काळजी निरोगी, चिंता रोगट, आणि हा फरक कमी-जास्तीचा नाहीये, इथेच सगळे फसतात, त्यांना वाटतं थोडं रडलं तर निरोगी आणि फार रडलं तर रोगट. नाही. दुःख कितीही मोठं असू दे, 'हे व्हायला नको होतं आणि झालं' इतकंच खाली असेल तर ते निरोगीच. 'हे व्हायलाच नको होतं, आता माझ्या जगण्याला अर्थच नाही' इथे थेरपिस्ट कान टवकारतो.

आता स्टोइकांचं बघा. त्यांच्या मते खऱ्या अर्थाने चांगला फक्त सद्गुण आणि वाईट फक्त दुर्गुण, तब्येत, पैसा, मुलंबाळं, सगळं मधल्या कप्प्यात, असलं तर बरं पण 'चांगलं' म्हणायचं नाही. आणि दुःख म्हणजे काय, तर 'माझ्यावर काहीतरी वाईट ओढवलंय' हा निवाडा. पण बाहेरचं काही वाईट असूच शकत नाही, म्हणजे निवाडा चुकला, प्रत्येक वेळी चुकला! म्हणून त्यांनी भीतीच्या जागी सावधपणा दिला, हव्यासाच्या जागी विवेकी इच्छा, चैनीच्या जागी प्रसन्नता, आणि दुःखाच्या जागी काही नाही. चौथा खण रिकामा. ज्ञानी माणसाला दुःख नसतंच. एलिसने नेमका तोच खण भरला, आणि हे न बघता लोक दोघांना एकाच पिशवीत कोंबतात.

बरं, एपिक्टेटसही तिसऱ्या दिवशी लेक्चर द्या म्हणत नाही. तो म्हणतो, कोणी रडत असेल तर शब्दांनी साथ द्या, वेळ पडली तर त्याच्याबरोबर कण्हा, फक्त आतून कण्हू नका. मला हे 'आतून नको' पटत नाही, कधीच पटलं नाही, पण निदान माणूस दारात उभा राहून शहाणपण शिकवत नाही.

यात कोणीतरी येऊन स्थितप्रज्ञ ओततो. अहो तो तिसराच विषय, तिथे आत्मा आला, आणि एलिस पक्का नास्तिक होता.

दुःखापाशच्या या एका फरकातून पुढचं सगळं निघतं. थेरपी तुमच्या इच्छेला हात लावत नाही, फक्त हट्ट सोडवते. स्टोइक इच्छेलाच उलटतपासणीला उभं करतो. म्हणून झोप उडाली असेल, कामं ठप्प असतील तर सरळ थेरपिस्टकडे जा, नैराश्य असेल तर सायकिअ‍ॅट्रिस्टकडे, अशा माणसाच्या हातात एपिक्टेटस देणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. (हो, निरोगी राग.)

माझी स्वतःची बढती हुकली तेव्हा मी एलिसच्या पद्धतीने 'च' काढला, तीन आठवडे लागले, झोप आली. ते पद मला मुळात कशाला हवं होतं, हा एपिक्टेटसवाला प्रश्न मात्र अजून तसाच पडलाय आणि पुढची मुलाखत सोमवारी आहे.