जुन्या पिकअप ट्रकची लघुप्रतिकृती

जुन्या पिकअप ट्रकचे रूप ठरावीक प्रमाणात लहान करून, बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे सुटे भाग जोडून व रंगवून घडवलेली प्रतिकृती. हे भाग किटच्या रूपाने विकत मिळतात. मोटारींच्या किटमध्ये १:२४ आणि १:२५ ही प्रमाणे रुळलेली आहेत. पहिल्याचा हिशेब तोंडी करता येतो: खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा अर्धा इंच. अमेरिकन बनावटीची बरीच किटे दुसऱ्या प्रमाणात असतात. फोर्डची १९५० ची एफ-१ व १९५३ ची पिकअप आणि शेव्हरोलेची १९५० ची ३१०० ही १:२५ मधली परिचित उदाहरणे. पुढचे विवेचन मुख्यतः शेव्हरोले ३१०० धरून केले आहे.

शेव्हरोलेने १९४७ च्या जूनमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ नावाने ट्रकांची नवी मालिका बाजारात आणली. ३१०० हा त्यातला अर्धा टन माल वाहण्याच्या वर्गातला पिकअप. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर ११६ इंच, म्हणजे १:२५ मध्ये जेमतेम ११८ मिलिमीटर. समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, मधोमध दुभागलेली काच, फुगीर मडगार्ड, दोन्ही बाजूंना फूटबोर्ड आणि लाकडी फळ्यांच्या तळाचा हौदा ही तिची ओळख. बॉनेटखाली २१६ घन इंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता आणि १९५४ पर्यंत तिथे शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक जोडले जात. त्यामुळे शेव्हरोले हे नाव महाराष्ट्राच्या रस्त्यांना त्या काळापासून ओळखीचे आहे.

प्रतिकृती करणाऱ्यांना पिकअप आवडते ती तिच्या बांधणीमुळे. साध्या मोटारीचे अंग सलग दिसते. पिकअपची चासी (खालचा सांगाडा), केबिन, हौदा, मडगार्ड आणि फाळका हे वेगळे घटक असतात आणि ते डोळ्यांनाही वेगळे दिसतात. प्रत्येक भाग स्वतंत्र घासता येतो, रंगवता येतो, बिघडला तर पुन्हा करता येतो. शिकणाऱ्याने पहिली गाडी निवडावी ती अशीच.

या किटांचा उगम खेळण्यांपेक्षा विक्रीच्या दुकानात अधिक आहे. एएमटी ही कंपनी १९४८ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सुरू झाली. नावाची अक्षरे ‘अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज’ची, कारण पहिल्या प्रतिकृती धातूच्या होत्या. मोटारविक्रेते नव्या गाडीचे रूप आणि रंग गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी अशा तयार प्रतिकृती ठेवत. लवकरच प्लास्टिक आले. आधीचे अ‍ॅसिटेट काही वर्षांत वाकडे होई, म्हणून पुढे पॉलिस्टायरीन रुळले. १९५८ पासून एकाच खोक्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तीनपैकी कोणतीही गाडी करता येईल अशी किटे निघू लागली. आजही जुन्या ट्रकांच्या किटमध्ये वापरात न येणारे जास्तीचे भाग सापडतात ते या प्रथेमुळे.

आकार पंचवीस पटींनी लहान होतो, पण जाडी तेवढी लहान करता येत नाही. या कामातली बहुतेक अडचण इथून सुरू होते. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा. प्रमाणात तो ०.०४ मिलिमीटर व्हायला हवा, आणि इतके पातळ प्लास्टिक साच्यातून निघत नाही. किटमधली भिंत एक मिलिमीटरच्या आसपास असते. खऱ्या गाडीवर तो अडीच सेंटीमीटरचा पत्रा झाला. रंगाचेही तेच. गाडीवरचा सगळा रंग मिळून सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढाच थर प्रतिकृतीवर बसला तर तो अडीच मिलिमीटरच्या लेपासारखा दिसतो, दारांच्या फटी बुजतात आणि बॉनेटच्या बाजूवरचे ‘३१००’ हे आकडे विरघळल्यासारखे होतात. म्हणून निपुण कारागीर मडगार्डच्या कडा, हौद्याच्या भिंती आणि फाळक्याची वरची धार आतल्या बाजूने तासून पातळ करतो. आतली जाडी कोणी पाहत नाही, धार मात्र सगळ्यांना दिसते. दारांच्या रेषाही रंगाआधी पात्याच्या पाठीने थोड्या खोल करून घेतात.

किटमधले भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. ते तोडताना पकडीने थोडे अंतर राखून कापावेत आणि उरलेले टोक पात्याने काढावे. भाग ओढून तोडला तर त्यातच खळगा पडतो. साच्याचे दोन अर्ध जिथे मिळतात तिथे उमटलेली शिवण घासून घालवावी लागते. ३१०० च्या फुगीर मडगार्डवर ती राहिली तर चकचकीत रंगाखाली लगेच उठून दिसते. प्लास्टिक जिथे आत ओढले गेले असेल तिथे रंगारी भिंतीला भरतात तशी लांबी भरतात आणि वॉटर पेपरने घासतात. जोडायला पातळ द्रव सिमेंट वापरतात. ते पॉलिस्टायरीन विरघळवते, त्यामुळे सुकल्यावर सांधा एकजीव होतो. रंगवलेल्या किंवा क्रोमच्या पृष्ठावर ते चालत नाही, तिथला थर आधी खरवडावा लागतो.

रंगाआधी सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुतात, कारण साच्याचे तेल आणि बोटांचा चिकटा यांवर रंग धरत नाही. मग अस्तर, मग रंगाचे अनेक पातळ हात. केबिन, बॉनेट, मडगार्ड व हौदा वेगवेगळे रंगवले तरी एकाच बैठकीत आणि एकाच अस्तरावर रंगवावेत. नाहीतर जोडल्यावर हिरव्याच्या दोन छटा दिसतात. (हिरवा म्हणायचे कारण, गडद ‘फॉरेस्ट ग्रीन’ हा या ट्रकांचा ठरलेला कारखानी रंग होता.) इनॅमल हा सावकाश कडक होणारा रंग, लॅकर हा थिनर उडून झटपट सुकणारा. इनॅमलवर लॅकर मारू नये. लॅकरचा थिनर खालच्या थरात शिरतो आणि पृष्ठाला सुरकुत्या पडतात. उलटा क्रम चालतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर फवारला तर थिनर उडताना पृष्ठ गार होते, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. उपाय दोनच: कोरड्या दिवसाची वाट पाहणे किंवा सावकाश उडणारा थिनर मिसळणे. वाट पाहणे जास्त खात्रीचे. रंग पूर्ण कडक झाल्यावर, म्हणजे काही दिवसांनी, बारीकात बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा काढतात आणि पॉलिशने चमक आणतात. कडांवर मात्र घासू नये, तिथेच रंग सर्वांत पातळ असतो.

क्रोमच्या बाबतीत किटवर विश्वास ठेवू नये. निर्वात कक्षात अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवून भाग चमकवलेले असतात, पण थर आरशासारखा भडक असतो आणि तोडलेल्या जागी उघडे प्लास्टिक दिसते. शिवाय कामाच्या साध्या ३१०० ची जाळी रंगवलेली असे, क्रोम लागे ते महागड्या सजावटीत. शेतावर राबणाऱ्या गाडीला चकचकीत जाळी बसवली की तिचे खरेपण तिथेच संपते. नको असलेले क्रोम कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून काढता येते. हवे तिथे, म्हणजे काचेभोवतीच्या पट्टीवर किंवा दाराच्या मुठीवर, कागदाहून पातळ धातूची चिकट फॉइल दाबून बसवतात आणि कडेने नव्या पात्याने कापतात.

प्रतिकृती उचलून घेतल्यावर नजर आधी हौद्याच्या तळाकडे जाते. खऱ्या गाडीत लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्ट्या असत. प्लास्टिकवर हे दाखवायला आधी फिकट बदामी रंगाचा हात देतात. तो सुकल्यावर तपकिरी तैलरंग अगदी थोडा घेऊन, ताठ केसांच्या कुंचल्याने फळीच्या लांबीच्या दिशेने ओढतात. काही फळ्या गडद, काही उन्हाने करड्या झालेल्या केल्या तर तळ जिवंत होतो. रेषा ठळक करण्याचा मोह आवरावा, कारण खऱ्या लाकडाची शीर पंचवीस पटींनी लहान झाली की दिसेनाशीच होते.

इंजिनाला राखाडी रंग, स्पार्क प्लगना सहा आणि कॉइलला एक अशा सात तारा. खरी तार सात मिलिमीटरची धरली तर इथे ०.३ मिलिमीटरहून जाड तार वापरू नये.

राबलेली गाडी दाखवायची असेल तर गंज कुठून लागतो हे माहीत हवे. या ट्रकांत चिखल व पाणी केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत, दारांच्या तळाशी आणि मडगार्डच्या खालच्या टोकात साचते. टपाचा रंग उन्हाने विटतो, गंज तिथे उशिरा येतो. गंजरंगी थर सुकवून त्यावर केसांचा स्प्रे मारतात, वर पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग देतात आणि ओल्या कुंचल्याने हलके घासतात. खालचा स्प्रे पाण्याने सुटतो व रंगाचे टवके खऱ्यासारखे उडतात. सगळ्या गाडीवर सारखा गंज पसरवणे ही या तंत्राची सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

काचा शेवटी बसवतात, त्याही पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदाने. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने पारदर्शक भाग दुधाळ होतात आणि ते डाग सहज जात नाहीत. टायरांकडेही लक्ष हवे. जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर वर्षानुवर्षे पॉलिस्टायरीनच्या चाकाला टेकून राहिले की त्यातले मऊपणा देणारे द्रव्य बाहेर झिरपते आणि चाक वितळवते. म्हणून टायर चढवण्याआधी चाकाच्या घेरावर फॉइलची एक पट्टी गुंडाळून घेतात.