मोटरसायकलच्या जादा दिव्यांचे वायरिंग

मूळ हेडलाइटखेरीज लेग गार्डवर, पुढच्या रॅकवर किंवा हँडलखाली बसवलेल्या फॉग लाइटपर्यंत बॅटरीतून वीज नेणारी जोडणी. उजेड किती पडेल हे दिव्यावर ठरते. तो दिवा चौथ्या पावसाळ्यातही लागेल का, हे मात्र वायर कुठून नेली यावर.

बॅटरीच्या धन टोकावरून निघालेली वायर आधी फ्यूजमध्ये जाते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडचा तुकडा सोलून चेसीला लागला तर त्याला वाचवणारे काहीच नसते. पुढे रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पायांचे आकडे ठरलेले आहेत: ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८५ आणि ८६ वर आतली कॉइल. हँडलवरच्या बटणातून फक्त कॉइलचा किरकोळ करंट जातो. कॉइलची वीज चावी फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या वायरीवरून घेतात, म्हणजे गाडी उभी करून गेल्यावर दिवे जळत राहत नाहीत.

२० वॉटच्या दोन एलईडी दिव्यांना १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर लागतात. ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. ५५ वॉटचे दोन हॅलोजन मात्र ९ अँपिअरच्या वर ओढतात. त्यांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज लागतो. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत कायम चालू राहतो, त्यामुळे छोट्या गाडीच्या चार्जिंगवर हॅलोजनचा हा भार टाकणे चूकच.

वायर सीटखालून निघते, टाकीखाली मुख्य नळीला लागून मूळ वायरिंगच्या सोबतीने पुढे येते. इंजिनचे हेड आणि सायलेन्सरचा पाइप यांपासून ती लांब ठेवतात. खरी परीक्षा असते ती हँडलच्या मानेपाशी. तिथे वायर घट्ट बांधली, तर प्रत्येक वळणाला ती एकाच जागी मुडपते. आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात. वरचे आवरण मात्र धडधाकट दिसते. हँडल डावीकडे वळवले की दिवा मिणमिणतो, सरळ केले की पुन्हा नीट लागतो, आणि माणूस बल्ब बदलत बसतो! म्हणून झिप टाय आवळण्याआधी हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तेवढी ढील सोडावीच लागते. रॉयल एनफील्डच्या ४११ सीसी हिमालयनचा पुढचा रॅक चेसीलाच जोडलेला आहे, हँडलबरोबर फिरत नाही. तिथल्या दिव्यांची वायर या त्रासातून सुटते. बटणाची वायर मात्र तिथेही मानेवरूनच जाते.

अर्थिंग रंगवलेल्या चेसीला स्क्रू मारून देण्यापेक्षा वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी. जोड पिळून टेप गुंडाळायची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते, पण आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या पावसात टेप सुटते आणि तांबे हिरवे पडते. सोल्डरही कंपनाने त्याच्या कडेला मोडतो. दाबून बसवलेले टर्मिनल आणि वॉटरप्रूफ कनेक्टर टिकतात. कनेक्टरच्या आधी वायरीला खाली झोका दिला, तर ओघळणारे पाणी तिथूनच ठिबकून जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ प्रमाणे पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला अपवादात्मक परिस्थितीतच, तेही नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने मुभा आहे.