पालखी एक घर सोडून जाते तेव्हा

शिमग्यात रत्नागिरी-रायगडकडच्या गावांत ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. एखाद्या उंबऱ्याशी न थांबता ती पुढं सरकली, की त्या घराचं काय ठरलंय हे साऱ्या गावाला कळतं. त्या घराचं दळण गिरणीवर घेत नाहीत, दुकानदार ‘माल संपला’ म्हणतो, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. कुणी शिवी देत नाही आणि अंगावर हातही टाकत नाही. वाळीत टाकणं ही शिक्षा काही न करण्याची शिक्षा आहे. कायद्याला ती पकडायला इतका वेळ लागला, त्याचं अर्धं कारण इथंच सापडतं.

प्रथा किती जुनी, याची खूण एका रोजच्या शब्दात आहे. आज नवरा-बायको वेगळे झाले की आपण ‘घटस्फोट’ म्हणतो. धर्मशास्त्रात मात्र घटस्फोट म्हणजे पतिताला समाजाबाहेर काढण्याचा विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायानुसार नातलगांनी जिवंत माणसाला मेलेला धरायचं, दासीनं पाण्यानं भरलेला घट पायानं उलथवायचा आणि घरच्यांनी अशौच पाळायचं. परतीची वाटही तिथंच सांगितली आहे: प्रायश्चित्त झालं की नातलगांनी त्याच्यासह स्नान करून नवा घट पाण्यात सोडायचा. प्रत्यक्षात ही वाट सगळ्यांना सारखी मोकळी नव्हती. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीत देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि त्यांच्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावं लागलं, अशी परंपरा आहे. उलट, दहाएक वर्षं मोगलांकडे मुसलमान म्हणून काढलेल्या नेताजी पालकरांची शुद्धी १६७६ मध्ये झाली. त्यांच्या पाठीशी शिवाजी महाराज होते.

मराठेशाहीत अशा तंट्यांना ‘ग्रामण्य’ म्हणत. गोतसभा म्हणजे जातभाईंची बैठक बसे, महजर म्हणजे निवाड्याचा लेख लिहिला जाई, दंड भरून आणि जेवण घालून माणूस पुन्हा पंक्तीला बसे. गोतावर सरकार असे. पेशव्यांच्या दरबारात दाद मागता येई. न्याय मिळेच असं नाही, पण वर एक दार होतं.

ते दार इंग्रजांनी लावून घेतलं. एल्फिन्स्टनच्या काळातल्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशननं दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत हात घालायला मनाई केली. हेतू असा, की रयतेच्या धर्मात ढवळाढवळ नको. त्यामुळे जातगंगेचा, म्हणजे जातीच्या सभेचा, शब्द अखेरचा ठरला. पुढे १८५० च्या कायद्यानं जात किंवा धर्म सुटला तरी वारसाहक्क जाणार नाही एवढी सोय केली. मालमत्ता राखली गेली, शेजार राखला गेला नाही.

बड्या माणसांनाही हे चुकलं नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका सभेनंतर चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी चहा घेतला, कुणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी ती नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. त्या यादीत रानडे होते, टिळकही होते. हायकोर्टाच्या वाटेवर असलेल्या रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांना ते झोंबलं, पण अशा घराला लग्नमुंजीसाठी उपाध्याय आणि आचारी कुठून मिळणार, हा प्रश्न त्या काळी हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या गावानं, मुरुडनं, त्यांच्यावर बहिष्कार घातला.

इथवर गोष्ट एकेका माणसाची होती. आंबेडकरांनी तिचा दुसरा चेहरा दाखवला. वाळीत टाकणं हे अख्ख्या वस्तीविरुद्धचं हत्यारही होतं. महाडच्या सत्याग्रहानंतर त्यांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढलं आणि त्याला नाव दिलं ‘बहिष्कृत भारत’. दलित-आदिवासींची स्थिती पाहणाऱ्या मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीत ते सदस्य होते. समितीच्या १९३० च्या अहवालात नोंद आहे, की दलितांनी हक्क बजावला की गाव त्यांची कामं, वाट आणि वाण्याकडचा माल बंद करतं. त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी त्यांनी ब्रह्मदेशच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर कलमं मांडली आणि बहिष्कार हा गुन्हा ठरवा असं मागितलं.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा ‘देशातला पहिला’ म्हणून गाजला. पण याआधी १९४९ मध्ये मुंबई राज्यानं बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. त्याला दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. धर्माच्या आधारे बहिष्कृत करणं हा पंथाच्या कारभाराचा भाग आहे, असं बहुमत होतं. सरन्यायाधीश सिन्हांचं मत त्याविरुद्ध पडलं. त्यानंतर पन्नासेक वर्षं स्वजातीनं वाळीत टाकलेल्याला आधार देईल असा कायदा नव्हता. अस्पृश्यता आणि अत्याचाराविरुद्धचे कायदे होते, पण आपल्याच भावकीपुढं त्यांचा उपयोग नव्हता.

२०१३ मध्ये नाशिकला एका बापानं आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीला मारलं. मागे जातपंचायतीचा दबाव होता, असं पुढं आलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ हाती घेतलं, नाशिक आणि लातूरला परिषदा झाल्या, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. पाठोपाठ रायगडातून तक्रारी येऊ लागल्या. महाडही याच जिल्ह्यातलं. कुठं वर्गणी न दिल्याचं, कुठं गावकीविरुद्ध निवडणूक लढवल्याचं निमित्त. गावच्या ठरावाला मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळाचीही संमती असे, म्हणजे माणूस गावातून सुटला तरी परळ-लालबागच्या बैठकीतून सुटत नसे.

जो आपणहून बाजूला राहतो, त्याचीही गत फार वेगळी नसते. बैठकीला न येणारा ‘माणूसघाणा’ ठरतो, मग ‘मीपणा आलाय’. सातपुड्यात एकट्या राहणाऱ्या बाईवर ‘डाकीण’ असा शिक्का बसला, की गोष्ट अबोल्यावर थांबत नाही. डिसेंबर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा बायकांच्याही कामाचा आहे.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळानं एकमतानं मंजूर केलं. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून ते लागू झालं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोडीलाही वाव आहे. ती ठेवणं मला व्यवहाराचं वाटतं, कारण निकालानंतरही त्याच विहिरीवर जायचं असतं. पण गावात ‘संमती’ कशी मिळवली जाते हे ज्यानं पाहिलंय, त्याला त्या तरतुदीची धास्तीही वाटेल. पुरावा हा आणखी एक प्रश्न. ठराव हल्ली कुणी लिहून ठेवत नाही, आणि गिरणीवाला साक्षीला उभा राहून सांगतो की त्या दिवशी पट्टा तुटला होता.

याच कायद्यानं १९४९ चा जुना कायदा रद्द केला. १९६२ चा निकाल मात्र राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं त्याचा फेरविचार नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला.