मेलेल्या उंदरांकडून जिवंत उंदरांकडे

उंदरांमधली साथ माणसाच्या लक्षात येते ती ते मरू लागल्यावर. १८९८ मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेगचा माग काढला, तोही मेलेल्या उंदरांना सोडून जाणाऱ्या पिसवांवरून. रानातले बहुतेक संसर्ग मात्र असा पुरावा मागे ठेवत नाहीत. त्यांच्या अभ्यासाला सुरुवात झाली ती एका वेगळ्याच कोड्यातून.

व्होल हे गवतात राहणारे, आखूड शेपटीचे, उंदरासारखे प्राणी. काही वर्षांच्या अंतराने ते बेसुमार वाढतात आणि मग एकाएकी दिसेनासे होतात. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांचा संशय साथीच्या रोगावर होता. १९३७ मध्ये ए. क्यू. वेल्स यांना रानातल्या व्होलांमध्ये क्षयरोग सापडला आणि कोडे सुटलेच असे वाटावे अशी स्थिती आली. पण डेनिस चिटी यांनी चिकाटीने तपासून १९५४ मध्ये मांडले की क्षय होता, तरी संख्या कोसळण्याचे कारण तो नव्हता. या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा हाच. रोग सापडला म्हणजे रोगाने काय केले ते कळले, असे होत नाही.

ते कळायला प्राणी जिवंत हवा, आणि तोच पुन्हा पुन्हा हाती यायला हवा. १९४९ मध्ये चिटी आणि केम्पसन यांनी ॲल्युमिनियमच्या एका पिंजऱ्याची माहिती प्रसिद्ध केली: पुढे बोगदा, मागे डबा. डब्यात कोरडे गवत आणि दाणे ठेवले की आत अडकलेला जीव थंडीची रात्र काढू शकतो. सकाळी खूण करायची, तपासायचे, सोडून द्यायचे. मेलेला उंदीर एकाच दिवसाची हकिगत सांगतो. महिन्याने परत सापडलेला उंदीर संसर्ग साधारण केव्हा झाला, तो त्यातून तगला का, हेही सांगतो.

दरम्यान लंडनच्या प्रयोगशाळेत टॉपली आणि ग्रीनवुड पिंजऱ्यातल्या उंदरांमध्ये मुद्दाम साथी लावून पाहत होते. नवे उंदीर येत राहिले तर साथ विझत नाही, हे त्यातून दिसले. याच आकड्यांचा आधार रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी १९७९ मध्ये साथी कशा चालतात याच्या आपल्या गणिती मांडणीत घेतला.

माणसांवर संकट आले तेव्हा या कामाची किंमत कळली. कोरियन युद्धात हजारो सैनिकांना झालेल्या रक्तस्रावी तापाचा विषाणू हो वांग ली यांना १९७० च्या दशकात पट्टेरी शेतउंदरात मिळाला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात याच गटातल्या एका हंताविषाणूने माणसे दगावली, तेव्हा न्यू मेक्सिकोत आधीपासूनच उंदरांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. चांगल्या पावसानंतर डिअर माउस या तिथल्या रानउंदराची संख्या वाढल्याचे त्यांतून दिसले. हे उंदीर विषाणू बाळगूनही सहसा आजारी दिसत नाहीत.

पुढे उत्तर इंग्लंडमधल्या किल्डर जंगलात खुणा केलेल्या व्होलांचे रक्त वर्षानुवर्षे तपासले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की एखाद्या व्होलला नवा संसर्ग होण्याचा धोका त्याचे वय किंवा ऋतू यांपेक्षा त्याच्या अंगात आधीच असलेल्या दुसऱ्या संसर्गावर अधिक अवलंबून असतो.