तोंडी, लेखी आणि निळी खूण : कार्यालयीन निरोपाची पार्श्वभूमी

सरकारी कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या लिपिकाची ओळख लवकरच आवक-जावक बारनिशीशी होते. आलेल्या कागदाला तिथे क्रमांक व तारीख मिळते, गेलेल्याची नोंद राहते आणि हातोहात धाडलेल्या पत्राची पोच घेणाऱ्याच्या सहीनिशी मिळते. या 'बारनिशी'तला 'निशी' आणि चिटणीस, फडणीस यांतला 'नीस' हे एकाच फारसी घराण्यातले, लिहिण्याशी जोडलेले शब्द आहेत. निरोप कोणत्या वाटेने धाडावा याचा निर्णय आपल्या कचेऱ्यांनी वेगापेक्षा पुराव्याकडे पाहून घेतला, हे या शब्दांवरूनही जाणवते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, याच सवयीचे फलित आहेत. अर्थात, हात न उचलता लिहिता येणाऱ्या मोडीमुळे वेगही साधत होताच.

इंग्रजी अमदानीत या सवयीला फायलीचा साचा मिळाला. एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार, अशी विभागणी रूढ झाली आणि त्याबरोबर पत्रांच्या जातीही ठरल्या. परिपत्रक सर्वांसाठी, ज्ञापन हाताखालच्यांसाठी आणि अर्धशासकीय पत्र, म्हणजे बोलीतले 'अ. शा.', एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावाने लिहिलेले. तीन स्मरणपत्रांनी न हललेले प्रकरण 'प्रिय श्री.' ने सुरू होणाऱ्या आणि स्वतःच्या हाताने सही केलेल्या अ. शा. पत्राने हलते, असा अनेकांचा अनुभव आहे. मजकूर तोच असतो, पण आता उत्तर देण्याची जबाबदारी एका माणसावर येते.

भारतात तारेची पहिली प्रायोगिक ओळ 1850 मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली आणि 1855 मध्ये ही सेवा जनतेला खुली झाली. शब्दागणिक पैसे पडत असल्याने तारेची भाषा आखडली. तरीही तार केली की तिची पुष्टी करणारी प्रत टपालाने पाठवण्याची पद्धत कार्यालयांत होती, कारण तारेवर भागत असले तरी फायलीला सहीचा कागद हवा असे. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली.

व्यवस्थापनशास्त्राने हा प्रश्न बराच उशिरा हाती घेतला. रिचर्ड डॅफ्ट आणि रॉबर्ट लेंगेल या अमेरिकी अभ्यासकांनी 1980 च्या दशकात मांडले, की गुंतागुंतीची, अनेक अर्थ निघू शकणारी बाब समोरासमोर बोलावी आणि सरळ, ठरावीक माहिती कागदावर द्यावी. तर्क पटण्यासारखा आहे. मात्र आपल्या कचेरीत नेमकी गुंतागुंतीचीच बाब 'लेखी द्या' या शब्दांवर येऊन थांबते आणि त्यामागे भित्रेपणापेक्षा अनुभव अधिक आहे. अखिल भारतीय सेवांच्या (भारतीय प्रशासन सेवा, पोलीस सेवा इत्यादी) 1968 च्या वर्तणूक नियमांत वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत आणि तोंडी देणे अपरिहार्य झाल्यास त्यांची लगेच लेखी पुष्टी करावी, असे म्हटले आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात तोंडी आदेशांची नोंद ठेवण्यावर भर दिला. त्याआधी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने फायलीतल्या टिपण्या नागरिकांना मागता येऊ लागल्या होत्या, त्यामुळे काय लिहावे आणि काय फोनवरच बोलावे, हा हिशेब नव्याने मांडला गेला.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिली, तरी व्हॉट्सॲपचे स्थान काय, हा वाद पुढे न्यायालयांतच गेला. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरची नोटीस पोहोचल्याचे मान्य केले, कारण ती केवळ पोहोचली नव्हती, तर सोबतची फाइल उघडल्याची निळी खूणही दिसत होती. ही खूण म्हणजे हातोहात पत्र नेणाऱ्या शिपायाच्या वहीवरची पोचेची सहीच, फक्त पडद्यावरची. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना बजावले, की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपने नव्हे, तर कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच बजावावी.