खपली धरणारं पोलाद

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपसमोर बागेतल्या वाफ्याच्या कडेसाठी चार एमएमचे पत्रे वाकवून ठेवले होते. रात्री वळवाची सर येऊन गेली आणि सकाळी बघतो तर सगळे पत्रे नारिंगी. वेल्डिंग करणारे मामा लगबगीने बाहेर आले. "ओ साहेब, हे सगळं गंजायलंय की! रेड ऑक्साइड मारूया का लगेच?" लोखंडाला गंज चढू नये म्हणून ज्याने उभा जन्म घालवला, त्याला "राहू द्या तसंच" म्हणून सांगणं सोपं नव्हतं. त्या सकाळी घाईत जे समजावता आलं नाही, ते इथे सवडीने मांडतो. बेळगाव भागात बागेच्या कामाला हे मुद्दाम गंजू द्यायचं पोलाद हळूहळू येऊ लागलंय, आणि ते आलं कुठून हे कळल्याशिवाय ते नीट वापरता येत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

वेदरिंग स्टील हे त्याचं सर्वसाधारण नाव. सगळे म्हणतात ते 'कॉर्टेन' हे यू. एस. स्टील या अमेरिकी कंपनीने १९३३ साली बाजारात आणलेलं व्यापारी नाव आहे. 'कॉर' म्हणजे कॉरोजनला, गंजण्याला विरोध. 'टेन' म्हणजे टेन्साइल स्ट्रेंग्थ, ताण सोसण्याची ताकद. त्याच्या आधीची वीसेक वर्षं अमेरिकेत पोलादात किंचित तांबं मिसळून पत्रे उघड्यावर ठेवायचे आणि ऊनपावसात त्यांचं काय होतं ते बघत राहायचं, असे प्रयोग चालले होते. तांबं शेकडा पाव ते अर्धा भाग एवढंच, पण पत्रा साध्या पत्र्याहून कितीतरी जास्त टिके. कॉर्टेनमध्ये तांब्याच्या जोडीला क्रोमियम, फॉस्फरस, सिलिकॉन, निकेल यांच्या चिमटी आल्या. पहिलं गिऱ्हाईक होतं रेल्वे. कोळशाच्या वाघिणीला, म्हणजे मालडब्याला, पत्रा पातळ चालला, तर वाघीण हलकी होते आणि माल जास्त भरता येतो, हा सरळ हिशेब होता. त्याच्या रंगाकडे तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं.

साधं लोखंड गंजलं की पोपडे सुटतात. पोपड्याखाली पाणी आणि हवा शिरते, नवं लोखंड गंजतं, पुन्हा पोपडा. कॉर्टेनचंही पहिले काही महिने तसंच वाटतं, पण मिसळलेल्या धातूंमुळे आतल्या बाजूला गंजाचाच एक बारीक कणांचा घट्ट थर बसत जातो. गुडघा फुटल्यावर खपली धरते, तसाच हा प्रकार. खपली धरली की आतल्या धातूपर्यंत पाणी-हवा पोचणं अवघड होतं आणि गंजण्याचा वेग अगदी मंद होतो. थांबत मात्र नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. आणि खपली धरायला एक अट आहे: पत्रा भिजला पाहिजे आणि नंतर पूर्ण वाळला पाहिजे, पुन्हा भिजला पाहिजे, पुन्हा वाळला पाहिजे. अशी दोन ते पाच वर्षं गेली की नारिंगी रंग तपकिरीकडे आणि पुढे जांभळट काळसरपणाकडे झुकतो. कायम ओला राहिला, तर खपली धरतच नाही. या पोलादाचं यश आणि फजिती, दोन्ही या एका अटीवर ठरत आलंय.

ही करामत आपल्याकडे परकी नाही. दिल्लीत कुतुबच्या आवारातला लोहस्तंभ गुप्तकाळातला, सुमारे सोळाशे वर्षांचा, सहा टनांहून जड. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमणियम यांनी त्याच्या गंजाचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याच्या टिकण्याचं मोठं श्रेय लोखंडातल्या फॉस्फरसला दिलं. तिथे फॉस्फरस पाव टक्क्याच्या आसपास आहे; आजच्या साध्या पोलादात तो मुद्दाम याच्या कितीतरी खाली ठेवतात. जुन्या भट्टीत तो आपसूक राहून गेला आणि दिल्लीच्या बऱ्याचशा कोरड्या हवेत त्याने स्तंभावर घट्ट थर धरवला.

त्याहून जवळचा दाखला तर आपल्या पायाखालीच आहे. खानापूर-जांबोटीकडची घरं बघा, बेळगावातले जुने कंपाउंड बघा: जांभा. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की लोखंडी अवजाराने चिरा कापता येतो, आणि उघड्यावर ठेवला की टणक होत जातो. फ्रान्सिस बुकॅननने मलबारात हेच पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. जांभ्याचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. त्यातलं गोएथाइट नावाचं खनिज कॉर्टेनच्या खपलीतही सापडतं. म्हणून जांभ्याच्या गडग्याशेजारी कॉर्टेनचा पत्रा उभा केला की दोघं एका घरातले वाटतात. मामा मारायला निघाले होते त्या रेड ऑक्साइडच्या डब्यातही रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो.

वाघिणीतलं पोलाद वास्तुकलेत आलं ते नांगर बनवणाऱ्या कंपनीमुळे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोलीन इथे जॉन डीअर कंपनीला नवं मुख्यालय बांधायचं होतं. कंपनीचे प्रमुख विल्यम ह्युइट यांनी वास्तुकार एरो सारिनन यांना काम दिलं. शेती-अवजारांच्या कंपनीची इमारत मातीशी नातं सांगणारी, रांगडी हवी, म्हणून सारिननने उघडं कॉर्टेन निवडलं. १९६१ साली सारिनन गेले. इमारत १९६४ साली पुरी झाली. भोवतालची बाग, तळी आणि झाडी हिदेओ सासाकी यांच्या संस्थेने आखली. गंजलेला पोलादी सांगाडा, पुढे पाणी, मागे हिरवं रान. बागेत हे पोलाद शोभतं हे जगाला पहिल्यांदा तिथे दिसलं, असं मी मानतो.

नांगराचा विषय निघाला की बेळगावच्या माणसाला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवणारच. जन्म आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे १९१० साली कारखाना कुंडलजवळ गेला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंड मातीत घालायला बिचकणारी हीच माणसं नंतर घरोघरी लोखंडी फाळ वापरू लागली. "गंजकं लोखंड बागेत कशाला?" म्हणून कुणी विचारलं की मला ते नांगर आठवतात.

मोलीननंतर शिल्पकार सरसावले. शिकागोत १९६७ साली पिकासोचं पंधरा मीटर उंचीचं शिल्प उभं राहिलं, त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या इमारतीला वापरलेल्याच पोलादात. रिचर्ड सेराने जाड प्लेटा जमिनीच्या चढउतारात रोवून माणसाला त्यांच्या बाजूने चालायला लावलं. इंग्लंडमध्ये गेट्सहेडजवळ अँटनी गॉर्मलीचा 'एंजल ऑफ द नॉर्थ' १९९८ पासून चोपन्न मीटरचे पंख पसरून उभा आहे. जर्मनीत डुइसबुर्गचा लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. तो पाडून टाकण्याऐवजी पीटर लाट्झ यांनी भट्ट्या, पूल, टाक्या तशाच ठेवून त्यांत बाग केली. तिथलं लोखंड कॉर्टेन नव्हे, पण गंजाकडे प्रेमाने बघायची नजर त्या बागेने दिली. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये २००६ साली टॉम स्टुअर्ट-स्मिथच्या बागेला सर्वोत्कृष्ट मान मिळाला. तिच्यात कॉर्टेनच्या भिंती होत्या. त्यानंतर घरगुती बागेत ते झपाट्याने पसरलं: वाफ्याच्या कडा, पायऱ्यांचे उभे पत्रे, कुंड्या, पडदे.

फजितीचे प्रसंग जास्त शिकवतात. अटलांटातलं ओम्नी हे बंदिस्त क्रीडागृह १९७२ साली कॉर्टेनमध्ये उभारलं. तिथल्या दमट हवेत गंज थांबायचं नाव घेईना. भोकं पडली, आणि १९९७ साली इमारत पाडली. होनोलुलूच्या अलोहा स्टेडियमला, १९७५ सालच्या, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खाल्लं. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, पत्रा वाळूच देत नाही, आणि वर खपलीही फोडतं.

भारतात हे पोलाद रेल्वेनेच आणलं. प्रवासी डबे आणि मालवाघिणी यांत ते वर्षानुवर्षं वापरलं गेलंय. जहाजावरचे कंटेनरही त्याचेच. लोंढ्याच्या फाटकावर थांबून मुरगावकडे जाणारी मालगाडी मोजणाऱ्या पोरांनी ते रंगाखाली कितीदा पाहिलं असेल.

आता आपल्या मुलखाचं. हा सीमाभाग म्हणजे या पोलादाची कसोटी घेणारी पट्टीच आहे. कारवारला समुद्र, किनाऱ्याजवळ कॉर्टेन नकोच. कणकुंबी-जांबोटीच्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर पाऊस आणि धुकं. तिथे पत्रा आठवडेच्या आठवडे वाळत नाही, शेवाळ चढतं. बेळगाव शहरात पावसाळ्यात उघडीप मिळते आणि पुढचे सहा-सात महिने कोरडे, म्हणजे भिजण्या-वाळण्याची पाळी बऱ्यापैकी बसते. अथणीकडे उलटी अडचण: पाऊसच कमी, खपली धरायला फार वेळ लागतो. तिथे पहिल्या वर्षी पाइपने पाणी मारून, वाळू देऊन, पुन्हा मारून मदत करावी लागते.

शहरातही मातीला टेकलेली बाजू वर्षभर ओली असते, ती कॉर्टेनची दुखरी जागा. त्या बाजूला डांबरी रंगाचे दोन हात, मध्ये खडीचा थर, कुंडीला तळाशी भरपूर भोकं आणि खाली पाय हवेत. खतातले क्षारही पत्र्याला टेकू देऊ नयेत. वेल्डिंगचा रॉडही त्याच जातीचा लागतो, नाहीतर सगळा पत्रा तपकिरी होतो आणि सांधा वेगळ्याच रंगाचा दिसत राहतो. साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा मीठ-अ‍ॅसिडने गंजवून, वर लॅकर मारून कॉर्टेन म्हणून विकणारेही आहेत. एकदा मी तसा पत्रा घेऊन फसलो. तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे हातात आले. तेव्हापासून मिलचं, म्हणजे पोलाद कारखान्याचं, सर्टिफिकेट बघितल्याशिवाय प्लेट घेत नाही.

आणि एक चूक सर्वस्वी माझी. टिळकवाडीतल्या एका घरी कॉर्टेनची लांब कुंडी सरळ शहाबादी फरशीवर ठेवली. पहिल्या पावसात गंजाचं पाणी ओघळलं आणि फरशीवर हातभर लांब तांबडे पट्टे उमटले. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, डाग पिऊन टाकतो. घासून गेले नाहीत. घरच्या आजी काही बोलल्या नाहीत, रोज सकाळी त्या पट्ट्यांवर रांगोळी घालायच्या. शेवटी फरशी बदलून दिली. आता कुंडीखाली खडीची चारी करतो, नाहीतर जांभ्याचे चिरे बसवतो. जांभ्यावर तो डाग दिसतच नाही.

उद्यमबागेत वाकवलेले ते पत्रे आता बागेत बसलेत, तिसऱ्या वर्षात आहेत. दिवाळीनंतर मामांना मुद्दाम तिथे घेऊन गेलो. पत्र्यामागे गवती चहाचे दाट भारे, पुढे अबोली फुललेली. मामांनी पत्र्यावर अंगठा दाबून ओढला, उन्हात धरून पाहिला. अंगठ्याला जेमतेम तपकिरी धूळ लागली होती. "बसलंय की ओ," म्हणाले, आणि सांध्यावरून बोट फिरवत वेल्डिंग तपासायला वाकले.