भूक लागून डोकं फिरलं की गोड खा, एवढंच पुरे?
"भुकेने चिडचिड झाली की चॉकलेट नाहीतर चहा-बिस्किट खा, मूड लगेच ठीक" असा फॉरवर्ड किती वर्षं फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणून पटतो.

होतं काय, की रक्तातली साखर उतरायला लागली की शरीर ती वर आणायला अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही हार्मोन्स सोडतं, आणि अ‍ॅड्रेनालिन म्हणजे तेच जे भांडणात सुटतं, मग समोरचा काही बोलला की आपण खेकसतो. गोडाने बरं वाटतं हो, पण नुसतं गोड पटकन पचतं आणि दीड-दोन तासांत बऱ्याच जणांना परत भूक. चणे, शेंगदाणे, अंडं हळू पचतं. सकाळी पोदेर (आमच्या गोव्यातला पाववाला) आला की एक पोई (गव्हाच्या कोंड्याचा पोकळ पाव) जास्त घ्यायची, आत उसळ भरून डब्यात, पणजी-मडगाव बस अडकली तरी चालतं.

खरं की खोटं घरीच बघा, चार दिवस चार वाजता बिस्किट, चार दिवस मूठभर चणे, आणि सहा वाजता मूड कसा ते मोबाईलमध्ये लिहायचं.

फक्त डायबिटीसवाले, इन्सुलिन घेणारे, त्यांची रक्तातली साखर ७० mg/dL च्या खाली गेली तर तिथे चणे नाही, लगेच साखरच.